खुपऱ्या गेल्या, पण आजीच्या पापणीचे काय?

रविवारी विहारात वंदना झाली आणि बायका उठून जाऊ लागल्या, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींकडे माझे लक्ष गेले. दर दोन मिनिटांनी त्या पदराच्या टोकाने डोळे टिपत होत्या. दाराकडून उजेड आला की मान खाली घालत होत्या. जवळ जाऊन विचारले, "आजी, डोळ्याला काय झालंय?"

"काय व्हायचंय, सिस्टर? म्हातारपण. डोळे गळत्यात. वाळू गेल्यावानी खुपतंय. सून पंधरा दिवसाला चिमट्यानं केस उपटती, तेवढ्यापुरतं बरं वाटतंय."

पर्समधली टॉर्च काढून पाहिले. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीचे केस बाहेर वळण्याऐवजी आत वळले होते आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासत होते. उजव्या डोळ्यात पांढरे फूल पडले होते. त्या डोळ्याने आजींना फक्त उजेड आणि सावली कळत होती. डावा डोळा अजून शाबूत होता, पण त्याच वाटेवर होता.

"लहानपणी कधी खुपऱ्या झाल्या होत्या का?" मी विचारले.

आजी हसल्या. "झाल्या न्हवत्या असं पोर आमच्या वस्तीत कुठं होतं? दवाखान्यातला माणूस पापणी उलटी करून निळा खडा फिरवायचा. आग आग व्हायची."

तो निळा खडा म्हणजे मोरचूद. जिवाणूनाशक औषधे येण्याआधी खुपऱ्यांवर हाच उपाय होता. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी झालेला रोग आज आजींची नजर घेत होता, आणि घरात सगळे त्याला म्हातारपण समजत होते. आपल्या घरांमध्ये अशा आजी अजून आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर खुपऱ्यांविषयी लिहीत आहे.

खुपऱ्या म्हणजे काय?

खुपऱ्यांना डॉक्टरी भाषेत ट्रॅकोमा म्हणतात. हा डोळ्यांचा संसर्गजन्य आणि दीर्घकाळ चालणारा रोग आहे. तो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू फार लहान असतो आणि आपल्या पेशींच्या आत शिरूनच वाढतो. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि फॉन प्रोवाझेक या दोन शास्त्रज्ञांना खुपऱ्या झालेल्या डोळ्यांतील पेशींमध्ये याचे पुंजके प्रथम दिसले. ते पुंजके पेशीच्या आत झगा पांघरल्यासारखे दिसत, म्हणून झग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून क्लॅमिडिया हे नाव आले. पण प्रयोगशाळेत हा जंतू वाढवायला पुढे पन्नास वर्षे लागली. चीनचे शास्त्रज्ञ थांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यात तो वाढवून दाखवला आणि १९५७ साली ते प्रसिद्ध केले. हाच जंतू खुपऱ्या करतो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि रोग पुरता दिसेपर्यंत औषध घेतले नाही.

डोळे येणे आणि खुपऱ्या यांत फरक आहे. पावसाळ्यात येणारी डोळ्यांची साथ बहुतेक वेळा विषाणूची असते. डोळे एकदम लाल होतात आणि आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. खुपऱ्यांमध्ये सुरुवातीला फारसा त्रासच होत नाही. थोडी लाली, थोडे चिपड, थोडी खाज, एवढेच. पुष्कळ मुले तक्रारही करत नाहीत. पण वरची पापणी उलटी करून पाहिली तर आतल्या बाजूला साबुदाण्यासारखे फिकट दाणे दिसतात. हे दाणे तपासलेल्या माणसालाच ओळखू येतात. घरी पापणी उलटून पाहू नये.

रोग नजरेपर्यंत कसा पोचतो?

एकदा खुपऱ्या होऊन बऱ्या झाल्या तर सहसा कोणी आंधळे होत नाही. धोका आहे तो पुन्हा पुन्हा होण्यात. एका मुलाला झाले, त्याच्याकडून भावंडाला, भावंडाकडून परत त्याला, असे वर्षानुवर्षे चालत राहते. प्रत्येक वेळी पापणीच्या आतल्या बाजूला सूज येते आणि ती भरून येताना बारीक व्रण राहतो. भाजलेली जागा भरून आल्यावर कातडी जशी आक्रसते, तशीच ही पापणी आतून आक्रसत जाते. ओढली गेल्याने तिची कड आत वळते, आणि कडेबरोबर केसही.

मग खरे नुकसान सुरू होते. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. आपण दिवसभरात हजारो वेळा पापण्या मिटतो. तेवढ्या वेळा ते केस त्या पडद्यावर कुंच्यासारखे घासतात. पडद्याला ओरखडे पडतात, जखम होते, तिच्यात दुसरे जंतू शिरतात, आणि जखम भरताना पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण फूल पडणे म्हणतो. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. फुलाचे तसे नाही. गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून फूल पडण्याआधीच केसांचे घासणे थांबवायला हवे.

रोग लहानपणी लागतो आणि आंधळेपण उतारवयात येते. मधल्या तीस-चाळीस वर्षांत माणूस लहानपणचा रोग विसरून गेलेला असतो. म्हणूनच त्याला म्हातारपण समजले जाते.

पदर, पंचा आणि माशी

हा जंतू मुलांच्या डोळ्यांतल्या चिपडात आणि नाकातल्या शेंबडात असतो. तेथून तो बोटांवरून, कपड्यावरून आणि माश्यांवरून दुसऱ्या डोळ्यात जातो.

आपल्या घरातले दृश्य डोळ्यांसमोर आणा. आई पदराने धाकट्याचे नाक पुसते. त्याच पदराने थोरल्याचे डोळे पुसते. चुलीच्या धुराने स्वतःच्या डोळ्यात पाणी आले की तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावते. एकाच पंचाला घरातली पाच माणसे तोंड पुसतात. काजळाच्या एकाच डबीत बोट बुडवून तीन मुलांच्या डोळ्यांत काजळ भरले जाते. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. माया आहे, आणि घरात दुसरा पंचा नाही. पण जंतूला माया कळत नाही.

माशीला चिपड आवडते. चिकट डोळ्यांच्या मुलावर बसलेली माशी उडून दुसऱ्या मुलाच्या डोळ्यावर बसते. हा रोग पसरवणाऱ्या माश्या विशेषतः उघड्यावर पडलेल्या माणसाच्या विष्ठेवर अंडी घालतात. त्यामुळे संडास नसणे आणि डोळे जाणे यांचा थेट संबंध आहे.

बायकांनाच जास्त का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की खुपऱ्यांमुळे आंधळे होण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या चारपटीपर्यंत असते. बाईचा डोळा काही वेगळा नसतो, तिचे काम वेगळे असते. रोगाचा साठा लहान मुलांत असतो आणि मुले बाईच्या कडेवर असतात. आधी बहीण म्हणून, मग आई म्हणून, मग आजी म्हणून ती आयुष्यभर चिकट डोळ्यांची मुले सांभाळते. तिला पुन्हा पुन्हा लागण होते. आणि डोळे दुखू लागले तर दवाखान्यात जाण्याचा तिचा क्रमांक घरात शेवटचा असतो.

पाणी कोणाच्या वाट्याला आले?

खुपऱ्या फार जुन्या आहेत. प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनाही त्या ठाऊक होत्या. दोनशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी डोळ्यांची साथ इंग्लंडात नेली. त्या साथीमुळे १८०५ साली लंडनमध्ये डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय निघाले, ते पुढे मूरफिल्ड्स नावाने प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांच्या पापण्या बंदरावरच उलटून पाहत आणि खुपऱ्या दिसल्या की त्यांना परत पाठवत.

पण युरोपच्या बहुतेक भागांतून हा रोग प्रभावी औषध निघण्याआधीच ओसरत गेला होता. घरे सुधारली, नळाने पाणी आले, गटारे झाली, माणसे दाटीवाटीतून मोकळी झाली आणि खुपऱ्या कमी झाल्या. म्हणजे हा रोग जितका जंतूचा, तितकाच पाण्याचा आणि जागेचा.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा माणूसपणाच्या हक्काचा होता. पण सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवायला बंदी असणे म्हणजे काय, हे डोळ्यांच्या बाजूनेही समजून घ्यावे. दुसऱ्याने वरून ओतेल तेवढेच पाणी मिळते, तेव्हा ते आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला लागते. पोरांचे तोंड धुणे सर्वांत शेवटी येते. आजही जेथे टँकरची वाट पाहावी लागते किंवा एका नळावर पन्नास हंडे लागतात, तेथे पहिली काटछाट तोंड धुण्यावरच होते. म्हणून वस्तीत नळ मागणे, संडास मागणे ही नजर वाचवण्याचीच कामे आहेत.

आपल्या देशाने काय केले?

१९५० आणि ६०च्या दशकांत खुपऱ्या हे भारतात आंधळेपणाचे एक मोठे कारण होते. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कोरड्या आणि धुळीच्या भागांत रोग जास्त होता. १९६३ साली राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९७१ साली देशातल्या एकूण अंधत्वापैकी ५ टक्के खुपऱ्यांमुळे होते. १९७६ साली हा कार्यक्रम राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामील केला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात सगळ्या देशांना चार कलमी उपाय दिला. आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, जिवाणूनाशक औषध, स्वच्छ चेहरा, आणि पाणी-संडासाची सोय. यातली दोन कामे डॉक्टरांची आहेत आणि दोन घराची व शासनाची. औषधांत टेट्रासायक्लिनचे मलम सहा आठवडे लावावे लागते, तर ॲझिथ्रोमायसिन तोंडाने एकदाच देऊन भागते. ज्या भागात रोग जास्त असतो, तेथे एका मुलाला औषध देऊन उपयोग होत नाही. सगळ्या वस्तीला एकाच वेळी द्यावे लागते, नाहीतर तो जंतू शेजारून परत येतो.

२०१४ ते २०१७ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लहान मुलांमधले खुपऱ्यांचे प्रमाण ०.७ टक्के आढळले. ५ टक्क्यांच्या खाली आले की रोग आटोक्यात आला असे मानतात. पुढे पापणीचे केस आत वळलेल्या मोठ्या माणसांचीही पाहणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले. आपल्या भागात नेपाळ आणि म्यानमार यांच्यानंतर भारत तिसरा देश ठरला.

ही आनंदाची गोष्ट आहे. पण समस्या उरली नाही याचा अर्थ एकही रोगी उरला नाही असा नव्हे. नवी मुले वाचली, तरी जुन्या खुपऱ्यांचे व्रण घेऊन जगणाऱ्या आजी-आजोबांच्या पापण्या अजून आत वळतच आहेत. त्यांना शोधायचे काम कागदावर संपले तरी घरात संपलेले नाही.

घरात कोणाकडे पाहावे?

आधी साठीच्या पुढच्या माणसांकडे. डोळे सतत गळतात, वाळू गेल्यासारखे खुपते, उजेड सहन होत नाही, किंवा कोणी चिमट्याने पापणीचे केस उपटते, असे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. केस उपटण्याने चार दिवस बरे वाटते, पण तो उपाय नव्हे. केस काही आठवड्यांत परत येतात आणि अर्धवट तुटलेला आखूड केस तर जास्तच टोचतो. केस आत वळण्याची दुसरीही कारणे असतात. म्हातारपणी खालची पापणी सैल पडूनही असे होते. कारण कोणतेही असो, तपासणी हवीच.

पापणीची शस्त्रक्रिया लहान असते. फक्त पापणी बधिर करतात, कड बाहेर वळवून टाके घालतात. भूल देऊन झोपवत नाहीत. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. काही जणांचे केस वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा आत वळू शकतात, म्हणून नंतरही दाखवत राहावे.

दुसरे, तान्ह्या बाळाकडे. जन्मानंतर पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. क्लॅमिडियाचाच एक भाऊबंद प्रकार आणि परम्याचा जंतू हे दोन्ही बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यात जाऊ शकतात. परम्याच्या जंतूने तर थोड्या दिवसांत डोळा जातो. अंगावरचे दूध घालणे, काजळ भरणे यात वेळ घालवू नका. अशा वेळी बाळाबरोबर आई आणि वडील दोघांनाही औषध घ्यावे लागते. त्यात लाज बाळगू नका आणि बाईला दोष देऊ नका. पुष्कळांना आपल्याला लागण आहे हे माहीतही नसते.

तिसरे, मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या थेंबांकडे. लाल डोळ्यावर पटकन आराम देणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते घातले तर जखम चिघळते. बरेच दिवस घातले तर काचबिंदू होऊ शकतो. शेजारणीला गुण आला म्हणून तिची बाटली आपल्या डोळ्यात घालू नका.

पाळलेल्या सशाचे डोळे चिकटले तर?

वस्तीतल्या काही घरांत मुले ससे पाळतात. सशाचा डोळा सतत चिकट राहिला की घरचे घाबरतात, पोरांना खुपऱ्या होतील म्हणून. तर खुपऱ्यांचा जंतू माणसाकडून माणसाकडेच जातो. मांजर, गिनीपिग यांच्या डोळ्यांना याच कुळातले दुसरे जंतू त्रास देतात, पण ते खुपऱ्यांचे जंतू नव्हेत.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्याची अश्रुनलिका वरच्या दातांच्या मुळांजवळून जाते. मुळे वाढून नलिका दबली की डोळा महिनोन्‌महिने गळतो. खुराड्यातल्या मुताच्या उग्र वासानेही डोळे लाल होतात. सशाला भरपूर गवत द्या म्हणजे दात झिजतील, खुराडे रोज साफ करा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. माणसांचे थेंब त्याच्या डोळ्यात घालू नका. जनावराला हात लावल्यावर पोरांनी साबणाने हात धुवावेत, तो हात तसाच डोळ्याला लावू नये.

रोज काय करावे?

सकाळी आणि बाहेरून खेळून आल्यावर मुलांची तोंडे धुवा. पाणी कमी असले तरी एका तांब्यात दोन मुलांचे तोंड निघते. तोंड बुडवून नव्हे, धार धरून धुवा. प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवा. नवा आणायला नको, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक द्या आणि उन्हात वाळवा. पदराने एकाचे पुसून दुसऱ्याचे पुसू नका. काजळाची सामाईक डबी बंद करा. लहान मुलांची विष्ठाही संडासात टाका. आशाताई घरी आली की आजीचे डोळे तिला आवर्जून दाखवा.

विहारात आठवड्याला आपण जमतोच. महिन्यातून एकदा वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढून वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, डोळे खुपतात का? ज्यांचे खुपतात त्यांची यादी करा आणि तरुण पोरांनी त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन जावे. आजी एकटी जात नाही, कारण तिला दिसत नाही आणि केसपेपर कुठे काढायचा हे कळत नाही.

विहारातल्या त्या आजींना त्यांच्या नातवाने रुग्णालयात नेले. दोन्ही पापण्यांची शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याचे फूल तसेच राहिले, ती नजर काही परत आली नाही. डावा डोळा वाचला. परवा भेटल्या तेव्हा पदर खांद्यावर नीट होता, डोळ्याला नव्हता. मला म्हणाल्या, "सिस्टर, धा वर्सं आधी का न्हाई सांगितलं कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता तुम्हाला कळले आहे. आज घरी गेल्यावर आजीला उजेडात बसवा आणि तिच्या डोळ्यांकडे नीट पाहा.